विश्लेषण : संत कंवररामांच्या खुनाला शिक्षा नाहीच, सिंधमधील हिंदूंना न्याय मिळतो तो कधी आणि कसा?

चांदूर रेल्वे : अमरावती जिल्ह्यात ‘कंवर’ हे नाव नवे नाही. अमरावती शहरात कंवरनगर आहे, संत कंवरराम धाम आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात संत कंवरराम अध्यासन आहे. चांदूर रेल्वेहून महाविद्यालयासाठी किंवा बाजारासाठी अमरावतीला रोज ये-जा करणाऱ्यांनी ही पाटी अनेकदा वाचलेली असते. ज्यांच्या नावाची ती पाटी आहे त्यांचा खून झाला होता, तोही भर रेल्वे स्थानकात, हे मात्र सिंधी समाजाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते.

तारीख होती १ नोव्हेंबर १९३९. ठिकाण सिंधमधील रुक जंक्शन. या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्यानंतर फाळणी झाली, सिंधमधील बहुसंख्य हिंदू भारतात आले, त्यातील अनेक कुटुंबे वऱ्हाडात स्थिरावली. जे मागे राहिले त्यांच्यासाठी ‘तक्रार केली तर पुढे काय होते?’ हा प्रश्न आजही तसाच आहे. संत कंवरराम प्रकरण काय होते, न्याय कुठे अडला, आज पाकिस्तानातील हिंदूंना न्याय मिळतो तेव्हा नेमके काय वेगळे घडते आणि तिथून भारतात आलेल्यांना नागरिकत्वासाठी काय करावे लागते, ते समजून घेऊया.

संत कंवरराम कोण होते?

कंवरराम यांचा जन्म १३ एप्रिल १८८५ रोजी जरवार या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या सक्कर जिल्ह्यातील मीरपूर माथेलो तालुक्यात होते. आज तो भाग पाकिस्तानच्या घोटकी जिल्ह्यात येतो. लहानपणी ते उकडलेले चणे विकत. रहडकीचे संत सतरामदास हे त्यांचे गुरू.

कंवरराम ‘भगत’ करीत. सिंधमधील भगत म्हणजे गायन, नृत्य आणि कथा यांचा रात्रभर चालणारा कार्यक्रम. आपल्याकडच्या कीर्तनाशी त्याची तुलना करता येईल. फरक एवढाच की भगत पायात घुंगरू बांधून नाचतो. कार्यक्रमात जमलेले पैसे ते गरीब, अपंग आणि अनाथांना वाटून टाकत. ते सूफी कवींची पदेही गात, त्यामुळे त्यांच्या श्रोत्यांत हिंदूंबरोबर मुसलमानही मोठ्या संख्येने असत. उत्तर सिंधमध्ये दोन्ही समाजांना जोडणारे जे मोजके लोक होते, त्यांत त्यांचे नाव वरचे होते.

रुक स्थानकावर काय घडले?

दादू जिल्ह्यातील मांझंद येथील कार्यक्रम आटोपून कंवरराम आपल्या मंडळीसह परतत होते. रुक हे जंक्शन. लारकाना-दादूकडून येणारी गाडी इथे सोडायची आणि सक्कर-रोहडीकडे जाणारी दुसरी पकडायची. सिंधी परंपरेत सांगतात की बंदूकधारी दोघे आधी त्यांच्याजवळ आले, ‘आमचे काम फत्ते व्हावे’ म्हणून आशीर्वाद मागितला आणि कंवररामांनी त्यांच्या हातावर प्रसाद म्हणून द्राक्षे ठेवली. थोड्या वेळाने त्याच दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हा त्यांचे वय ५४ होते.

संशय भरचुंडी येथील दर्ग्याच्या पीरांच्या अनुयायांवर घेतला गेला. हा दर्गाही आजच्या घोटकी जिल्ह्यातच आहे. प्रकरण शिक्षेपर्यंत मात्र पोहोचले नाही.

तेव्हा सिंधमध्ये वातावरण कसे होते?

हा खून सुटा नव्हता. सक्करला सिंधू नदीच्या काठी ‘मंझिलगाह’ नावाच्या मुघलकालीन इमारती आहेत. त्यातील एक मशीद असल्याचा दावा मुस्लिम लीगने लावून धरला. इमारती सरकारच्या ताब्यात होत्या. समोर नदीतील बेटावर साधबेला हे हिंदूंचे तीर्थस्थान असल्याने इमारती हस्तांतरित करण्यास स्थानिक हिंदूंचा विरोध होता.

ऑक्टोबर १९३९ मध्ये लीगने सत्याग्रह सुरू केला आणि आंदोलकांनी इमारतींचा ताबा घेतला. अल्लाबक्ष सूमरो यांचे प्रांतिक सरकार काठावरच्या बहुमतावर टिकून होते. ते कधी अटका करी, कधी अटकेतील लोकांना सोडून देई. महिना-दीड महिना हा प्रश्न लोंबकळत राहिला. कंवररामांचा खून याच काळातला. १९ नोव्हेंबरला पोलिसांनी इमारती रिकाम्या केल्या आणि सक्कर शहरात दंगल पेटली. पुढच्या काही दिवसांत ती आजूबाजूच्या खेड्यांत पसरली. खेड्यांत हिंदूंची घरे तुरळक होती, पोलीस दूर होते. सर्वाधिक जीवितहानी तिथेच झाली.

त्या वेळी सिंधच्या लोकसंख्येत हिंदूंचा वाटा साधारण एक चतुर्थांश होता. शहरांतील व्यापार, शिक्षण आणि वकिली त्यांच्या हाती होती, पण खेड्यांत ते विखुरलेले होते. बाजारपेठेतील बळ वेगळे आणि रात्री गावात दारावर थाप पडल्यावर लागणारे संरक्षण वेगळे, हे त्या नोव्हेंबरने दाखवून दिले.

चौकशी झाली, मग न्याय का झाला नाही?

दंगलीनंतर न्यायमूर्ती वेस्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले गेले. त्याचा अहवालही आला. पण अशा चौकशीचे काम कारणे शोधण्याचे असते, गुन्हेगाराला शिक्षा करण्याचे नसते. शिक्षेसाठी लागतो तो फौजदारी खटला, आणि खटल्यासाठी लागतात निर्भयपणे बोलणारे साक्षीदार.

साक्षीदारांना निर्भय वाटावे असे काहीच घडत नव्हते. जुलै १९४० मध्ये सिंध विधानसभेचे हिंदू सदस्य एच. एस. पमनानी यांचा रोहडीत गोळ्या घालून खून झाला. लोकप्रतिनिधी सुरक्षित नसेल तर खेड्यातील किराणा दुकानदार कोर्टात जाऊन कुणाकडे बोट दाखवणार? दरम्यान अल्लाबक्ष यांचे सरकार मार्च १९४० मध्ये गेले. दोन्ही समाजांना बरोबर घेऊन चालू पाहणारे आणि फाळणीला विरोध करणारे अल्लाबक्ष यांचाही १४ मे १९४३ रोजी शिकारपूरमध्ये खून झाला. म्हणजे हिंसेची किंमत एकाच समाजाने मोजली असे नाही. मधली जागा धरून राहणाऱ्या मुसलमान नेत्यालाही ती मोजावी लागली.

१९४७ नंतर तर खटल्याची पायाच उखडली. पीडितांची कुटुंबे एका देशात, पोलीस ठाणे आणि कागदपत्रे दुसऱ्या देशात. ६ जानेवारी १९४८ च्या कराची दंगलीनंतर सिंधमधून निघणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. दहा लाखांहून अधिक हिंदूंनी सिंध सोडले. अनेक जण कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने पुढे गेले. कल्याणची लष्करी छावणी पुढे उल्हासनगर झाली. नागपूरचे जरीपटका, अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावे त्याच प्रवासाची.

इथे या समाजाने शून्यातून दुकाने उभी केली, शाळा काढल्या. कंवररामांच्या वंशजांची गादीही अमरावतीत आली. २०१० मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तेव्हा राष्ट्रपतिपदी प्रतिभाताई पाटील होत्या, ज्यांचे सासर अमरावतीचे. स्मृतीच्या बाबतीत समाजाने काही कमी ठेवले नाही. पण पुतळा, तिकीट, अध्यासन हा सन्मान झाला. त्याला न्याय म्हणता येत नाही. न्यायासाठी आरोपीचे नाव, पुरावा आणि निकाल लागतो, आणि या प्रकरणात तिन्ही गोष्टी नाहीत.

आज सिंधमध्ये काय स्थिती आहे?

पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ३८ लाख हिंदू आणि स्वतंत्रपणे मोजलेले सुमारे १३.५ लाख अनुसूचित जातींचे लोक आहेत. त्यातील बहुसंख्य सिंधमध्येच राहतात. उमरकोट, थारपारकर या भागात त्यांची संख्या मोठी आहे. घोटकीसारख्या उत्तरेकडील जिल्ह्यांत ते व्यापारी अल्पसंख्याक आहेत.

गंभीर तक्रारींपैकी एक आहे ती मुलींचे अपहरण, सक्तीचे धर्मांतर आणि लग्न यांची. फेब्रुवारी २०१२ मध्ये मीरपूर माथेलो येथील एका हिंदू तरुणीचे प्रकरण पाकिस्तानभर गाजले. हा तोच तालुका, जिथे कंवररामांचा जन्म झाला. तरुणीचे धर्मांतर भरचुंडी दर्ग्याशी संबंधित मियाँ अब्दुल हक ऊर्फ मियाँ मिठू यांच्या पुढाकाराने झाल्याचे कुटुंबाचे म्हणणे होते. मियाँ मिठू तेव्हा पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेचे सदस्य होते. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासह तीन तरुणींना कुठे राहायचे ते स्वतः ठरवण्याची मुभा दिली आणि नवऱ्याकडे राहण्याचा जबाब नोंदवला गेल्यावर प्रकरण मिटले. तरुणी दबावाखाली होती, ही कुटुंबाची तक्रार कायम राहिली. सक्तीचे आरोप मियाँ मिठू यांनी सातत्याने फेटाळले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनने अल्पसंख्याक मुलींच्या सक्तीच्या धर्मांतराबाबत त्यांच्यावर निर्बंध लादले.

अशा प्रकरणांत न्याय कोणत्या पायऱ्यांवर अडतो?

• वय : सिंधमध्ये २०१३ च्या कायद्याने लग्नाचे किमान वय १८ आहे. पण मुलीला दुसऱ्या प्रांतात नेले की कोणता कायदा लागू, यावरच वाद सुरू होतो. जन्मनोंदणी नसेल तर वैद्यकीय तपासणीतील अंदाजावर वय ठरते.

• कागद : धर्मांतराचे प्रमाणपत्र आणि निकाहनामा लगोलग तयार होतो. पोलिसांकडे तक्रार येते तेव्हा अपहरणाऐवजी ‘मर्जीचे लग्न’ असा कागद समोर असतो.

• जबाब : बहुतेक प्रकरणांचा निकाल मुलीच्या एका जबाबावर लागतो. तो देण्याआधी ती कुणाच्या ताब्यात होती, कोर्टाबाहेर जमाव कुणाचा होता, याला महत्त्व मिळत नाही.

• कायदा : सक्तीचे धर्मांतर हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे विधेयक सिंध विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर केले. धार्मिक पक्षांच्या विरोधानंतर राज्यपालांनी ते परत पाठवले. राष्ट्रीय पातळीवरील प्रस्तावित विधेयक ऑक्टोबर २०२१ मध्ये संसदीय समितीने नाकारले.

जानेवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अगदी १३ वर्षांच्या मुलींचेही अपहरण आणि धर्मांतर होत असल्याबद्दल चिंता व्यक्त करून पाकिस्तान सरकारला कारवाईचे आवाहन केले होते.

काही सुधारणाही झाल्या. हिंदू विवाहांची कायदेशीर नोंदणी सिंधमध्ये २०१६ च्या, तर इतरत्र २०१७ च्या कायद्याने शक्य झाली. त्याआधी हिंदू जोडप्याकडे लग्नाचा सरकारी पुरावाच नसे, त्यामुळे ‘ही विवाहित आहे’ हे कोर्टात सिद्ध करणेही अवघड जाई.

मग न्याय कधी मिळाला?

मिळाला, अशी उदाहरणे आहेत आणि ती नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिले भोंगचे. घोटकीला लागून असलेल्या पंजाब प्रांतातील रहीम यार खान जिल्ह्यात हे गाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आठ वर्षांच्या एका हिंदू मुलावर मदरशाचा अवमान केल्याचा आरोप झाला. त्याला जामीन मिळताच जमावाने गणेश मंदिरावर हल्ला केला. तोडफोडीचे व्हिडिओ काही तासांत देशभर पसरले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना जाब विचारला. अटका झाल्या, सरकारने मंदिर दुरुस्त करून दिले. खटला दहशतवादविरोधी न्यायालयात चालला आणि मे २०२२ मध्ये २२ जणांना प्रत्येकी ५ वर्षांची शिक्षा झाली. पुराव्याअभावी ६२ जण सुटले. म्हणजे घटनेपासून निकालापर्यंत लागले अवघे नऊ महिने.

दुसरे करकचे. खैबर पख्तुनख्वा प्रांतात ३० डिसेंबर २०२० रोजी जमावाने परमहंसजी महाराजांची समाधी जाळली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. खर्चाचे ३.३ कोटी पाकिस्तानी रुपये हल्लेखोरांकडून वसूल करा, असेही सांगितले. बघ्याची भूमिका घेणाऱ्या पोलिसांवर कारवाई झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश गुलजार अहमद दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्याच ठिकाणी गेले.

या दोन्ही प्रकरणांना जून २०१४ च्या एका निकालाचा आधार होता. पेशावरमधील चर्चवरील बॉम्बहल्ल्यानंतर पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या प्रार्थनास्थळांसाठी विशेष पोलीस दल आणि त्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय परिषद उभारण्याचे निर्देश दिले होते. त्यांची अंमलबजावणी मात्र रेंगाळली.

१९३९ आणि २०२१ मध्ये फरक काय?

भोंगमध्ये फिर्यादी राज्यसंस्था स्वतः होती. पीडित कुटुंबाला गावातील दांडग्यांविरुद्ध एकट्याने उभे राहावे लागले नाही. पुरावा व्हिडिओचा होता. त्याला धमकावून गप्प करता येत नाही. न्यायालयाने पुढच्या तारखा जवळच्या दिल्या, त्यामुळे प्रकरण थंड पडले नाही. रुक स्थानकावरील खुनात यातले काहीच नव्हते. अपहरणाच्या प्रकरणांत आजही यातले काहीच नसते. घटना बंद दाराआड घडते, पुरावा एका घाबरलेल्या मुलीच्या तोंडी जबाबाचा असतो आणि फिर्यादी असतो तो एकटा बाप.

मंदिर फोडल्यावर शिक्षा होते, पण मुलगी नेल्यावर प्रकरण ‘कौटुंबिक’ ठरते. सिंधमधील हिंदू संघटनांची आजची मागणी मुख्यतः या दरीबद्दल आहे.

तिथून निघून आलेल्यांचे काय?

ज्यांनी तिथे न्यायाची आशा सोडली ते आजही भारतात येतात. बहुतेक जण तीर्थयात्रेच्या किंवा भेटीच्या व्हिसावर येऊन दीर्घ मुदतीचा व्हिसा घेतात. नागपूरमध्ये अशी अनेक कुटुंबे आहेत. केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्या यादीत अमरावती किंवा अकोला नव्हते.

नागरिकत्व (सुधारणा) कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला, नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजी आले. त्यानुसार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्ज करू शकतात. मुसलमानांना यातून वगळल्याने कायद्यावर टीका झाली आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. प्रत्यक्ष प्रक्रिया अशी आहे :

• अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा.

• मूळ देश सिद्ध करण्यासाठी ९ प्रकारच्या कागदपत्रांपैकी एक पुरते. उदा. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा जमिनीची नोंद. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो.

• भारतात ठरलेल्या तारखेपूर्वी आल्याचा पुरावा म्हणून २० प्रकारची कागदपत्रे मान्य आहेत.

• पडताळणी जिल्हास्तरीय समिती करते. तिचे प्रमुख टपाल खात्याचे वरिष्ठ अधीक्षक किंवा अधीक्षक असतात. निमंत्रितांत जिल्हाधिकारी कार्यालयाचा नायब तहसीलदार दर्जाचा प्रतिनिधी आणि त्या भागातील रेल्वे स्टेशन मास्तर यांचा समावेश आहे.

• अर्जदार समितीपुढे स्वतः हजर राहून निष्ठेची शपथ घेतो. अंतिम निर्णय राज्यस्तरीय अधिकारप्राप्त समितीचा असतो.

• नागरिकत्व मिळाल्यास ते भारतात आल्याच्या तारखेपासून धरले जाते आणि बेकायदा वास्तव्याबद्दलची कारवाई संपते.

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्यातील अर्जदारालाही आता नागपूरवर अवलंबून राहावे लागत नाही. पडताळणी त्याच्याच जिल्ह्यात होते.

२०१४ नंतर आलेल्यांना या कायद्याचा लाभ नाही. सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या समाजांतील लोकांना वैध पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. पण ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यांना नेहमीचा, अनेक वर्षांच्या वास्तव्याची अट असलेला मार्गच खुला आहे. तोपर्यंत मतदान नाही, सरकारी नोकरी नाही.

आधीच्या पिढीचेही काही प्रश्न शिल्लक आहेत. १९४७-४८ मध्ये आलेल्या सिंधी कुटुंबांपैकी अनेकांना वसाहतींतील जमिनीची पूर्ण मालकी मिळाली नव्हती. त्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये विशेष अभय योजना मंजूर केली. निर्वासित म्हणून आलेल्यांच्या नातवंडांच्या काळात हा निर्णय झाला.

पुढे काय?

संत कंवरराम खटला आता उभा राहू शकत नाही. आरोपी, साक्षीदार, तपास अधिकारी कुणीच हयात नाही आणि ज्या राज्यात गुन्हा घडला ते राज्यही बदलले. पण त्या काळाची नोंद जपणे शक्य आहे. वेस्टन चौकशीचा अहवाल, विधानसभेतील चर्चा आणि सिंधमधून आलेल्या वयोवृद्धांच्या आठवणी ही त्याची साधने आहेत. फाळणीच्या वेळी कळत्या वयात असलेले लोक आता नव्वदीच्या आसपास आहेत. अमरावती विद्यापीठात अध्यासन असल्याने हे काम वऱ्हाडातच होऊ शकते.

सीमेपलीकडे कसोटी वेगळी आहे. सिंधमध्ये लग्नाचे किमान वय १८ असल्याचा कायदा आहे, विवाह नोंदणीचा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. पुढच्या वेळी घोटकीतील एखादा बाप पोलीस ठाण्यात जाईल तेव्हा आधी मुलीचा जन्मदाखला पाहिला जातो की निकाहनामा, यावर बरेच काही ठरेल.